झुमके पॉलिशचे आहेत

मंगळसूत्रातले मणी सोडले तर माझ्या लग्नात सोनं घ्यायचं नाही, हे मी ठरवलं आणि घरात त्यावर फारशी आदळआपट झाली नाही. मी नांदेडला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. वॉर्डात सोनं घालून जाता येत नाही, आणि कपाटातल्या दागिन्याची राखण करत बसायला मी काही पहारेकरी नाही. प्रीतम, म्हणजे माझा होणारा नवरा, लातूरच्या एका शाळेत मास्तर. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझे कान, तुझी मर्जी." मला असाच माणूस पाहिजे होता.

झुमक्यांची हौस मात्र मला आहे आणि ती मी कधी लपवलेली नाही. म्हणून लग्नाआधी आईला घेऊन वजिराबादेत गेले. तिथे एका गल्लीत जगदेवी नावाच्या बाईंचं पॉलिशच्या दागिन्यांचं लहानसं दुकान आहे. बाई मूळच्या उदगीरच्या. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आणि गिऱ्हाईक कितीही घाई करेना का, पेटी उघडणार ती सावकाशच.

"खोटे झुमके दाखवा," आई म्हणाली.

"खोटे म्हनू नका, ताई. पॉलिशचे म्हना," जगदेवीबाई म्हणाल्या. "खोटं मानूस बोलतंय. पितळ काय बोलतंय?"

बाई मला तिथल्या तिथे आवडल्या. मग मी निवडायला बसले, आणि मी निवडायला बसले की आईचा जीव मेटाकुटीला येतो. भडक, लालसर पिवळे होते ते सगळे बाजूला सारले. मला गव्हाळ रंगाचे पाहिजे होते. प्रत्येक झुमका उलटा करून आतून बघितला, सांध्याला डाग कुठे दिलाय, मणी तारेत ओवलेत की नुसते चिकटवलेत. पितळेची दांडी कानात गेली की माझं भोक चिघळतं, म्हणून दांडी चांदीची हवी होती. शेवटी एक जोड सापडला. वर कमळ, खाली घुमट, घुमटाला बारीक मण्यांची झालर. घालून मान हलवून बघितली, कानाची पाळी ओढली जात नव्हती. म्हटलं, हेच.

जगदेवीबाईंनी ते कापसात ठेवले आणि मला बजावलं. पावडर, अत्तर, गजरा, सगळं उरकायचं आणि झुमके शेवटी घालायचे. उतरवताना आधी झुमके. कोरड्या मलमलीनं पुसायचे, डबीत खडूचा तुकडा टाकायचा म्हणजे ओल धरत नाही. "अन् सोन्यासारखं रिठ्यात घालून ब्रशनं घासू नका. पॉलिश निघाल्यावर माझ्याकडं येऊन रडायचं न्हाई."

दुकानाबाहेर पडल्या पडल्या आई म्हणाली, "लई छान हायेत गं. कोनी इचारलं तर सोन्याचे म्हनू."

"म्हणायचं नाही."

"तू नको म्हनू. मी म्हनते."

"तूही नाही. नाहीतर मी मांडवात रिकाम्या कानानं उभी राहीन."

मी खरंच तशी उभी राहिले असते, हे आईला ठाऊक होतं. "बरं बाई," ती म्हणाली, "इचारलं तर गप बसते." आई आणि गप बसणार! पण मी विश्वास ठेवला.

लग्न लातूरला, विहाराच्या अंगणात झालं. भंतेजींच्या मागून सगळ्या मांडवानं हात जोडून त्रिशरण, पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना माझ्या मागे उभ्या असलेल्या आईचा आवाज सगळ्यात मोठा होता. आणि पंगती उठायच्या आत, मी फोटोसाठी उभी असताना, माझ्या या कानांनी ऐकलं. माझ्या सासूबाई, सरजाबाई, माझ्या झुमक्याला बोट लावून आईला म्हणत होत्या, "लई भारी घडन हाय, इहीनबाई."

आणि आई म्हणाली, "हाव. सोन्याचेच हायेत. माझ्या सासूचे. पिढीचे."

नुसते सोन्याचे म्हणूनही भागलं नाही, आजीचे! मी आईकडे असं बघितलं की फोटोग्राफर म्हणाला, "ताई, जरा हसा." मग निरोपाची रडारड सुरू झाली, आणि रडणाऱ्या आईशी भांडता येत नाही. तो राग मी बरोबर घेऊन सासरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बाहेर येते तर सासूबाई पाट मांडून बसलेल्या. पातेल्यात गरम पाणी, त्यात भिजलेले रिठे, बाजूला ब्रश आणि धुतलेलं फडकं. चेहऱ्यावर सणाचा आनंद.

"आन पोरी तुझे झुमके. काल हळद, घाम, अत्तर, सगळं बसलं आसंल. तुझ्या आजीची चीज हाय, मी माझ्या हातानं धुते. दुपारी बाया बघायला येनार हायेत."

डबी आणायला म्हणून मी खोलीत गेले आणि प्रीतमला सगळं सांगितलं. तो शर्टाची गुंडी लावता लावता थांबला.

"डबी सापडत नाही म्हण," तो म्हणाला. "आजचा दिवस निभेल."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

उद्याचं उद्या बघत संसार रेटणाऱ्या बायका मी वॉर्डात पुष्कळ बघितल्या आहेत. मला त्यांच्यात जायचं नव्हतं. भीती वाटत नव्हती असं नाही. या घरातला माझा पहिला दिवस, आणि मी जे सांगणार होते त्यानं माझीच आई लबाड ठरणार होती. न सांगावं, तर रिठ्याच्या पाण्यात पितळ उघडं पडणारच होतं, तेही अगदी शब्दशः. मी डबी उचलली आणि बाहेर आले.

"आत्या, पाण्यात घालू नका. झुमके पॉलिशचे आहेत."

सासूबाई हसल्या. त्यांना मी थट्टा करतेय असं वाटलं. "तुझी माय तर म्हनली..."

"आई लबाड बोलली."

 सासूबाईंचं हसू मावळलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"झुमके पितळेचे आसू दे, न्हाईतर मातीचे. आमी काय मागितलं होतं का? पर मेलेल्या मानसाचं नाव घेऊन लबाड कामून बोलावं?"

याचं उत्तर आईनंच द्यायला हवं होतं. मी तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधीच सांगितलं, आई, सासूबाई ऐकताहेत, झुमक्यांचं मी सांगून टाकलंय, आजीला मध्ये का आणलंस ते आता तू सांग.

 मला वाटलं आई फोन ठेवते की काय. मग तिचा बारीक आवाज आला.

"चुकलं माझं, इहीनबाई. सोन्याचे म्हनायचं मनात होतंच, ते कबूल करते. पर सासूचं नाव कसं तोंडाला आलं, मलाच ठाऊक न्हाई." मग ती सांगायला लागली. "माझी सासू जनमभर लोहा गावच्या शिवारात लोकाच्या रानात खुरपत ऱ्हायली. कानाला भोकं होती, पर भोकात कडुलिंबाची काडी. भोक बुजू नये म्हनून घालायची. म्हनायची, कवातरी येतील व माय, फुलं माझ्या कानात. कानात काडी घेऊनच गेली ती. काल तुमी माझ्या लेकीच्या कानाला हात लावून भारी घडन म्हनल्या, अन् मला सासूचे कान दिसले. वाटलं, एकदा तरी कोनी म्हनावं, तिच्यापाशी होतं."

मी आजीला बघितलेलं नव्हतं, आणि हे आईनं मला कधी सांगितलेलं नव्हतं. मला एकदम रडू आलं. आई खोटं बोलली याचा राग तसाच होता, पण तिला तसं बोलावं लागलं याचा राग आता त्याहून मोठा झाला.

सासूबाईंनी उठून रिठ्याचं पाणी मोरीत ओतलं. फोन स्वतः हातात घेतला, "चहा झाला का, इहीनबाई?" असं विचारलं, पाहुण्यांबद्दल दोन शब्द बोलल्या आणि ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

"झालं ते झालं. माझ्या मनात काई न्हाई. पर दुपारी भीमाबाई येनार, माझी थोरली जाऊ. तिची नजर सोनाराची अन् तोंड दवंडीवाल्याचं. तिच्यापुढं सोन्याचेच म्हनू. खरं काय ते आपल्या घरात ऱ्हाऊ दे."

घ्या! नांदेडला एक सोडून आले तर लातूरला दुसरी.

"आत्या, मी आपणहून कुणाला सांगत सुटणार नाही," मी म्हटलं. "पण विचारलं तर पॉलिशचे म्हणीन."

"लोक हसतेत, पोरी."

"हसू द्या. जावेपुढे लबाडच बोलायचं होतं, तर मी सकाळी जीव मुठीत धरून तुमच्यापुढे खरं का बोलले?"

 त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जास्तच वाजायला लागली. मी समजून गेले, पण माघार घेतली नाही. दुपारी साडी नेसले, गजरा माळला, अत्तर लावलं आणि सगळ्यात शेवटी झुमके घातले.

बाया आल्या. चहा-चिवडा फिरला, माझं शिक्षण, नोकरी, रंग, उंची सगळं तपासून झालं. मग भीमाबाई सरकत सरकत माझ्याजवळ आल्या. झुमका दोन बोटांत धरला, तोलला, उलटा करून बघितला. अगदी मी बघितला होता तसाच.

"सरजा," त्यांनी मला सोडून सासूबाईंना विचारलं, "सोन्याचे हायेत का गं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. नको गं, असं ते बघणं होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"पॉलिशचे आहेत, मोठी आई. मीच निवडून घेतले."

बायांत कुजबुज झाली. भीमाबाईंनी बोटं काढून घेतली आणि पदराला पुसली. "नव्या नवरीच्या कानात पॉलिशचं? तुज्या घरात आजी-पंजीच्या कानात काईच नव्हतं का गं?"

प्रश्न टोचायलाच विचारला होता आणि तो टोचला. सकाळपर्यंत मला याचं उत्तर देता आलं नसतं.

"होतं ना," मी म्हटलं. "माझ्या आजीच्या कानात कडुलिंबाची काडी होती. जन्मभर."

 मी मान वरच ठेवली. आता हसतील, असं वाटलं, पण कोणी हसलं नाही. भीमाबाई सासूबाईंकडे बघत होत्या. सासूबाईंचा हात आपल्या कानातल्या सोन्याच्या फुलावर गेला होता.

"माझ्या मायच्या बी कानात काडीच होती," सासूबाई म्हणाल्या. "शिरूर अनंतपाळच्या बाजारात गेली की पदरानं कान झाकून घ्यायची, कोनाला दिसू नये म्हनून. या घरात येऊन इतकी वर्सं झाली, मी कोनापाशी बोलले न्हाई. तुमाला तरी सांगितलं का कधी, जाऊबाई?"

"न्हाई," भीमाबाई म्हणाल्या.  "माझ्या मायचं मी तरी कुठं सांगितलं तुला?"