खिडकीतलं तळं

स्वानंदनं मुळशीचं तळं जन्मात एकदाच पाहिलं होतं, तेही कंपनीच्या सहलीत, धावत्या बसमधून. तरी गेले आठ महिने तो रोज सकाळी नऊच्या आत त्या तळ्याबद्दल लिहीत होता. आणि आता ते तळं बघायला रविवारी तीन माणसं येणार होती.

झालं होतं असं. २००९च्या मंदीत त्याची हिंजवडीतली नोकरी गेली. परभणीला कुठल्या तोंडानं परत जायचं, म्हणून हा गडी जवळच्या नेरे गावात गोजराबाईंच्या माडीवरची खोली धरून बसला आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवू लागला. काम बरं मिळायचं, पण सगळं ईमेलवर. एकदा तो वाण्याकडे साबण मागायला गेला, तर घशातून आवाजच फुटेना. वाण्यानं विचारलं, "सर्दी झालीय व्हय?" सर्दीबिर्दी काही नव्हती. चार दिवसांत तो कुणाशी बोललाच नव्हता. त्या दिवशी तो मनापासून घाबरला.

मग ऑर्कुटवर शोधता शोधता त्याला एक कम्युनिटी सापडली, 'एकट्यांची हजेरी'. घरी एकट्यानं काम करणाऱ्यांची. नाशिकच्या अनसूयाताईंनी ती काढली होती. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत मस्टर सांभाळलेली बाई. निवृत्तीनंतर घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करून द्यायची. नियम दोनच. नऊच्या आत 'हजर' लिहायचं आणि आपल्या खिडकीतून दिसणारी एक गोष्ट सांगायची. उशीर झाला की ताई नावापुढे 'लाल शेरा' लिहीत, मग तुम्ही कितीही गयावया करा. गुहागरचा कैलास नकाशे काढायचा, त्याच्या खिडकीत समुद्र. अमरावतीची जुईली पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढायची, तिच्या खिडकीत संत्र्याची बाग.

पहिल्या दिवशी स्वानंदनं लिहिलं, 'हजर. मुक्काम मुळशी.' यात खोटं काही नव्हतं, नेरे मुळशी तालुक्यातच येतं. पण जुईलीनं लगेच विचारलं, 'अय्या, म्हणजे खिडकीतून तळं दिसतं?' त्याच्या खिडकीतून दिसत होता गोजराबाईंचा गोठा, गोठ्यामागे उकिरडा आणि उकिरड्यामागे एका अर्धवट इमारतीचे खांब. समुद्रापुढे आणि संत्र्यांपुढे उकिरडा कसा मांडायचा? त्यानं लिहून टाकलं, 'हो, दिसतं ना.'

आता रोज तळ्याचं काय लिहिणार? बगळे झाले, धुकं झालं, आठवड्यात माल संपला. मग त्यानं गोजराबाईंची म्हैस उचलून तळ्याकाठी नेऊन बांधली. हौशी तिचं नाव, आणि खरोखर द्वाड म्हैस. मालकिणीचा पदर चावायची, बादलीत पाय घालायची, रागावलं की वैरणीकडे पाठ करून उभी राहायची. गोजराबाई 'सोड, मेले!' करत दिवसभर तिच्याशी कडाकडा भांडत. स्वानंद ते सगळं जसंच्या तसं लिहायचा, फक्त मागे पाणी घालायचा.

जानेवारीत जुईलीचं पुण्यात काम निघालं. कैलास म्हणाला मीही येतो, ताई म्हणाल्या मग मी कशाला मागे राहू? रविवारी तिघांनी स्वानंदकडे यायचं ठरलं. वाचून त्याला आनंद झाला आणि पाठोपाठ तळं आठवलं. आपण खोटारडे ठरलो तर ही माणसं जाणार. आणि दिवसातून एकदा आपलं नाव घेणारं त्यांच्याशिवाय त्याला जगात दुसरं कोण होतं?

गुरुवारी तो जिना उतरून गोठ्यात गेला.

"मावशी, धरणाच्या बाजूला तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?"

"हाय की. धरनाकडंच माल्याला माजं म्हायेर. भावाच्या माडीवरनं समदं पानी दिसतंया. का रं?"

"ती माडी रविवारपुरती मिळेल?"

आता कारण सांगणं आलं. त्यानं लॅपटॉप खाली आणला आणि कडब्याच्या पेंढीवर बसून हजेऱ्या वाचून दाखवल्या. गोजराबाई दोनदा खो खो हसल्या. "म्या असं कवा म्हनले रं?" म्हणून एकदा तणतणल्याही. मग हातातलं काम टाकून जवळ येऊन बसल्या.

"माडी दील माजा भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "पर हौशीला तितं कशी न्येनार? टेंपोत घालून?"

हे स्वानंदच्या डोक्यातच आलं नव्हतं. तळं एक वेळ मिळालं असतं, पण म्हैस इथं होती.

"आन् मला बी न्येनार व्हय, पान्याच्या कडंला हुबी कराया?" गोजराबाईंनी पदरानं नाक पुसलं. "ल्योक वाकडला फ्लॅटात ऱ्हातुया. मी हितं दिसभर म्हशीसंगं बोलतीया. तू वरनं येवढं समदं बघत हुतास, लिवत हुतास. खाली यावं वाटलं न्हाई व्हय तुला?"

तळ्याच्या थापेपेक्षा या एका प्रश्नाची त्याला जास्त लाज वाटली.

शुक्रवारी त्यानं लिहिलं, 'हजर. माझ्या खिडकीतून तळं दिसत नाही, कधीच दिसलं नाही. गोठा दिसतो, उकिरडा दिसतो. हौशी आणि गोजराबाई मात्र खऱ्या आहेत. माफ करा. आलात तर बस नेऱ्याची धरा.' चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. मग दिवसभर तो पान उघडत बसला. दुपारी एकच उत्तर आलं, ताईंचं: 'स्वानंद, ९.२०. लाल शेरा.' पुढे त्या विषयावर कुणी चकार शब्द लिहिला नाही. शनिवारीही नाही.

रविवारी तो तरीही स्टॉपवर जाऊन उभा राहिला. पहिली बस रिकामी गेली. दुसरीतून आधी एक जड पिशवी खाली आली आणि तिच्यामागून चष्मा लावलेल्या एक ठेंगण्या बाई.

"स्वानंद ना तू? धर ही सरकीची पेंड. हौशी कुठाय?"

"ताई, ते तळ्याचं..."

"अरे, आमच्या नाशकात चिक्कार पाणी आहे. पाण्यासाठी कुणी एवढं येतं का?"

मागून कैलास उतरला, मग जुईली. तिनं हौशीचं चित्र काढून आणलं होतं, अगदी वैरणीकडे पाठ केलेलं. मागचा भाग मात्र कोरा होता. "उकिरडा समोर बसूनच काढीन म्हटलं," ती म्हणाली. स्वानंद हसायला गेला आणि त्याचे डोळेच भरून आले.

गोठ्यात हौशीनं आधी पेंड खाल्ली आणि मग ताईंचा पदर धरला. "सोड, मेले!" ताई आणि गोजराबाई एकदमच ओरडल्या. मग गोजराबाईंनी हनुवटीला बोट लावलं. "आगं बया! नाशकात माजी म्हस वळखत्यात?"

"म्हैस ओळखतो, तुम्हालाही ओळखतो," ताई म्हणाल्या. "रोज वाचतो ना."

सोमवारी पावणेनऊ वाजता स्वानंद लिहायला बसला, तोच खालून हाक आली. "ए स्वानंद! माजी हजेरी लावलीस का? का लाल शेरा पडतुया मला?"

त्यानं 'हजर' लिहिलं, शेजारी गोजराबाईंचं नाव लिहिलं आणि खिडकीतून तोंडभरून ओरडला, "लावली, मावशी! चहा टाका, आलोच खाली!"