चुंबळीतली नळी

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. आगकाडीहून बारीक आणि दोन हात लांब. जन्मले परदेशात आणि राबले पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात. जांघेत सुई टोचून तिथल्या शिरेतून डॉक्टर मला आत सरकवायचे. क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत रक्त गळणाऱ्या जागी न्यायचे आणि माझ्यातून स्पंजाचे बारीक तुकडे सोडून गळती बंद करायचे. पोट फाडणे नाही, टाके नाहीत. "हिच्यासारखी गुणी नळी नाही," असे ते म्हणत आणि मी फुशारून जाई. गर्वाचे घर खाली, हे मला पुढे कळले.

माझी शेवटची पेशंट हिर्डोशीची सगुणाबाई. साल अठ्ठ्याहत्तर. रक्ताच्या उलट्यांनी ती पांढरीफटक पडली होती. मी आत गेले आणि रक्त थांबले. पण औषधात बुडवून बुडवून मी ताठर झाले होते. डॉक्टरांनी मला टाकून द्यायला सांगितले.

सगुणाबाई नर्सला म्हणाली, "बाई, ती मला द्या. घरी दावाया कायतरी पायजे."

बिचारीला आपले घर ठाऊक होते. निघताना डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, गेनबाला, बजावले, "जांघेतली जखम मुगाएवढी दिसते, पण मोठ्या शिरेची आहे. महिनाभर ओझे उचलू देऊ नका." त्याने मान डोलावली.

घरी सासूने, फुलाबाईने, आधी तिच्या पोटावरचा पदर सारून पाहिले.

"टाकं कुठं हायेत?"

"टाकं न्हाईत, आत्याबाई. ह्या नळीनंच क्येलं समदं."

"थोरल्या सुनंचं आपरेशन झालं तवा वीतभर टाकं व्हतं. तिला म्या बसवून शिरा चारला. तुला तर काटा बी रुतल्याला दिसंना. पुण्याला लोळून आलीस व्हय?"

डॉक्टरांचे बजावणे पोटात ठेवून गेनबा बाहेर निघून गेला. आईपुढे त्याची कायम दातखीळ बसे. असल्या नवऱ्याचा मला अजून संताप येतो.

भाताच्या रोपांसाठी शेतात फांद्या जाळून राब भाजायचे दिवस जवळ आले होते. फुलाबाईने मला ओढून पाहिले. "चिवट हाय," म्हणाली आणि सुनेच्या उसवलेल्या चुंबळीभोवती मला आवळून गुंडाळले. दुसऱ्याच दिवशी ती चुंबळ डोक्यावर ठेवून सगुणाबाई रानातून तोडलेल्या फांद्यांचे भारे वाहू लागली. मी वर, भाऱ्याखाली. तिच्या जांघेत गाठ आली, ती वाढत गेली.

"आत्याबाई, लई ठणकतंय वो. वाईच बसू का?"

"टाकं दाव, मग बस."

दुपारी उतारावर गाठ फुटली. भारा एकीकडे, ती एकीकडे. लुगडे बघता बघता भिजले. एसटीची वाट पाहतच रस्त्याकडेला तिने प्राण सोडला.

अचानक मरण म्हणून भोरला तिची चिरफाड झाली. अंगणात तिला शेवटची आंघोळ घालताना मी खुंटीवरून पाहत होते. गळ्याखालपासून बेंबीखालपर्यंत जाड दोऱ्याचे टाके होते. फुलाबाईने त्यांवरून हात फिरवला आणि ऊर बडवला.

"अगं माज्या लेकी, किती गं हाल झालं तुजं!"

मित्रांनो, कुणी दुखते म्हणाले, तर जखम मोजत बसू नका. त्याला खाली बसू द्या. मी आत जाऊन तिला वाचवले, आणि तिच्या डोक्यावरचा भारही मीच पक्का बसवला, म्हणून सांगते.

गेनबाचे दुसरे लग्न झाले आहे. चुंबळ अजून धड आहे. उद्या नवी सून तीच घेऊन रानात जाणार आहे.