गप्प बसणारा पंप

"पोरी, आवाज येतोय तोवर खुशाल बस. आवाज थांबला की मात्र धावत जा," असं नोरीनआत्यानं मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

नोरीन माझ्या नवऱ्याची, ब्रोडीची, आत्या. आमच्या वरच्या टेकडीवर एकटी राहते. तिचे यजमान कीथकाका होते तेव्हा दोघं मिळून कपाटांची व्हिनियरची कामं करायची. लाकडाचा कागदासारखा पापुद्रा साध्या फळीवर सरसानं चिकटवायचा, सगळं एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच पिशवीला सगळीकडून सारखी दाबून धरते. त्यांचा जुना पंप सरस वाळेपर्यंत अखंड घरघरायचा. थांबला की मेला समजायचं. ब्रोडीचा पंप नव्या जातीचा. हवा पुरेशी ओढून झाली की आपणहून गप्प बसतो, आणि पिशवी कुठं गळायला लागली तरच पुन्हा सुरू होतो. म्हणजे आमच्याकडे आवाज आला की धावायचं.

हे मी आत्याला समजावलं. पदार्थविज्ञान शिकलेली सून आहे, समजावणारच.

"गप्प आहे म्हणजे ठीक आहे?" आत्या म्हणाली. "नवऱ्याच्या बाबतीतही असंच धरून चालतेस का गं?"

खरं तर आमच्या घरात शांततेवर सगळ्यांत कमी विश्वास माझाच. आमची तान्ही पोझी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. ती हलली तर जागी होईल म्हणून घाबरते, नाही हलली तर मुद्दाम जागी करते. पण पंपाच्या बाबतीत माझी बुद्धी शाबूत होती.

वादळात पडलेल्या एका ब्लॅकवुडच्या, म्हणजे इथल्या किमती लाकडाच्या झाडाचे पापुद्रे कीथकाकांनी कापून ठेवले होते. ते गेल्यापासून आत्यानं ते चादरीत गुंडाळून पलंगाखाली जपले होते. जेमतेम एका टेबलापुरते. या हिवाळ्यात तिनं ते एकदाचे खाली आणले.

"बिघडवलंस तर दुसरे आणायला कीथकडे जावं लागेल," ती ब्रोडीला म्हणाली. "आणि मला एवढ्यात जायचं नाही."

ब्रोडीच्या कामाच्या शेडमध्ये एवढी थंडी होती की सरस धरेना. तेव्हा आत्यानं स्वतःच्या पलंगावरची विजेवर गरम होणारी चादर आणून पिशवीवर पसरली. "मी काय, दोन मोजे जास्त घालीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पापुद्रे पिशवीत गेले. पंप घरघरला, गप्प झाला. पिशवी दगडासारखी घट्ट. ब्रोडीला होबार्टला कुणाची तरी दारं बसवायला जायचं होतं, म्हणून पहारा माझ्याकडे. बाळाचा आवाज ऐकायचं यंत्र मी शेडमध्ये ठेवलं, दुसरं टोक स्वयंपाकघरात, आणि पोझीला झोळीत घालून अंगाशी बांधलं.

फोन वाजला. "चालू आहे ना?" आत्या.

"शांत आहे, आत्या. अगदी छान."

"शांत?" फोन आपटला.

थोड्या वेळानं परत तेच. तिसऱ्यांदा फोन आलाच नाही. मला बरं वाटलं. मी टोस्टला व्हेजिमाइट लावत होते, तेवढ्यात यंत्रातून दार करकरलं, बूट फरफटले, मग लांबलचक फुस्स... आणि पंप जीव खाऊन घरघरायला लागला.

मी धावले. पिशवीच्या तोंडाची पट्टी काढून आत्या आत डोकावत होती. चेहऱ्यावर समाधान.

"मेला होता गं! थोडी हवा दिली त्याला. बघ, आता कसा धडधडत चाललाय!"

मी दातओठ खाऊन पट्टी परत बसवली, तर झोळीत पोझीनं भोकाड पसरलं.

"पोरीला कशाला रडवतेस? आले ना मी वेळेवर," आत्या म्हणाली.

संध्याकाळी ब्रोडीनं टेबलावर नखानं टकटक करत कानोसा घेतला. सगळीकडे भरीव आवाज, एका कोपऱ्यात पोकळ. हवेचा फुगा राहिला होता. "गरम इस्त्री फिरवून बसवता येईल," तो म्हणाला.

"हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "मी वाचवलेलं टेबल आहे ते." आणि बरोब्बर त्याच कोपऱ्यावर तिनं चहाची किटली ठेवली.

तेव्हापासून आत्याचा रोज सकाळी फोन. पोझीच्या डोक्यावर टोपी आहे का, तुमचा तो आळशी पंप उठला का. मी फोन कानापासून लांब धरून हूं हूं करते.

सध्या मी पोझीला घेऊन तीन तासांवर लॉन्सेस्टनला आईकडे आलेय. पोझीचा कान दुखतोय, ताप आहे, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. काल आत्याचा फोन आला नाही. आजही नाही. मी केला तर नुसता वाजत राहतो. टेकडीखालच्या बार्टलेटला विचारलं. तो म्हणाला, "वर अगदी शांत आहे. म्हणजे ठीकच असणार की." चांगला शिकलेला माणूस. मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

पण आत्या आपणहून गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती जुन्या पंपाच्या जातीची. ब्रोडीही आमच्याबरोबर इथंच होता, तो निघालाय, पण मधल्या रस्त्यावर बर्फ आहे.

तुम्ही जर आमच्या गीव्हस्टनच्या बाजूला असाल तर एवढं करा. टेकडीवरचं शेवटचं घर, दाराशी सफरचंदांचं मोडकं खोकं आहे. जोरात दार वाजवा. आतून शिव्या आल्या तर खुशाल परत फिरा. शांत असेल तर मात्र थांबू नका. किल्ली खोक्याखाली आहे. आत जाऊन बघा.