म्हातारीनं खाल्लेलं पुडिंग

मी जे सांगणार आहे त्यावर या खाडीत कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि अझराया तर नाहीच नाही. पण सत्तेचाळीस वर्षं दर रविवारी मी त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच बायकोच्या हातचा चहा पितो आहे. एवढा चहा पचवलेल्या माणसाला बोलायचा हक्क असतो. त्या रविवारी शेजारपाजारचे सगळे जमले होते. मी म्हटलं, "डॉर्कस, काकवी घाल जरा सढळ हातानं," आणि सुरुवात केली.

तरुणपणी अझराया आणि मी एकाच होडीवर होतो. अझराया कॉड मासा चिरायचा तो दोन घावांत, मला तीन लागायचे. त्याला शीळ घालता यायची, मी घातली की कुत्री उठून जायची. त्याचे बूट कधी गळत नसत. बाकी सगळं मी सोसलं असतं, पण ते बूट नाही.

"अजून गळत नाहीत," खिडकीजवळच्या खुर्चीतून अझराया म्हणाला.

"तू गप. तुझी पाळी आली की लाज वाटेल तुला."

डॉर्कस तेव्हा माच्यावर मासळी वाळत घालायची. ती अझरायाकडे बघून हसायची. माझ्याकडेही बघायची, पण माझ्या मागे कोण उभं आहे ते बघत असावी असं मला वाटे. शनिवारी चर्चच्या हॉलात जेवण आणि नाच होता. त्या संध्याकाळी जी ज्याच्याबरोबर हॉलात शिरली ती त्याची, असं आमच्याकडे सगळे धरूनच चालायचे. डॉर्कसला अजून कुणी विचारलं नव्हतं. मी विचारणार होतो, देवाशपथ. पण गुरुवारी पाहतो तर अझराया तिच्या डोक्यावर भारा चढवून देतोय. कसला भारा? गवताचा! पिसासारखा हलका. त्याला चार हात कशाला हवेत?

मी ठरवलं, याच्यावर म्हातारी सोडायची, ती रात्रीची चेटकीण.

ते कसं करतात हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गुडघे टेकायचे, ज्याच्यावर सोडायची त्याचं नाव घ्यायचं आणि प्रार्थना शेवटापासून सुरुवातीपर्यंत म्हणायची. पहाटे म्हातारी जाऊन त्याच्या छातीवर बसते. माणूस जागा असतो, डोळे उघडे असतात, पण करंगळी हलेल तर शपथ. शनिवारी दिवसभर अझराया असाच पडलेला, आणि मी डॉर्कसला घेऊन हॉलात! शुक्रवारी मी जाळ्यांच्या खोलीत जाऊन सगळं यथासांग केलं.

एकच गोष्ट विसरलो. अझरायाची आई. त्या बाईचा कुणावरच विश्वास नव्हता. नाचाच्या आदल्या रात्री पोराच्या छातीवर फळी बांधूनच ती त्याला झोपवायची. फळीतून खिळे आरपार, टोकं वर. बघा, आईसुद्धा त्यालाच तसली मिळावी!

"माझ्या बरगडीला अजून वण आहे त्या फळीचा," अझराया म्हणाला.

आता, फळीवर बसलेली म्हातारी कुठं जाते? ज्यानं धाडली त्याच्याकडे.

पहाटे मला जाग आली. हात उचलायला गेलो तर हात नाही. म्हणजे होता, गोधडीवर पडलेला दिसत होता, पण दुसऱ्या कुणी विसरून गेल्यासारखा. पाय लाकडाचे. जीभ टाळूला चिकटलेली. आणि छातीवर ती, ओलीकच्च, कुल्ल्यात तीन खिळे रुतलेले.

"मेल्या," ती म्हणाली, "धाडायच्या आधी फळी बघायला काय झालं होतं?"

आणि जी बसली ती बसलीच. विणकाम काढलंन. दुपारी खिडकीशी पावलं वाजली. डॉर्कस! "सायलस! अरे सायलस!" तिनं हाका मारल्या. मला ओ देता येईना. तिनं खिडकीत एक ताटली ठेवली, फडक्याखाली मनुकांचं पुडिंग, वाफाळतं. जरा वेळ थांबली आणि गेली. आणि मी पडल्या पडल्या काय विचार करतोय? मला एवढं दिलं, तर अझरायाला केवढं दिलं असेल!

म्हातारीनं हात लांबवला आणि माझ्या छातीवर बसून पुडिंग खाल्लं. मनुका माझ्या मानेत घरंगळत होत्या, एकही तोंडापर्यंत आली नाही. ती उठली तेव्हा हॉलात नाचाचं फिडल वाजायला लागलं होतं. मी धावत गेलो, तर डॉर्कसचा हात अझरायाच्या कोपरात.

"नाहीतर," मी म्हटलं, "आज त्या खिडकीजवळच्या खुर्चीत मी असतो."

सगळे हसले. अझराया तर डोळे पुसत होता. डॉर्कस हसली नाही. तिनं किटली चुलीवरून उतरवली.

"पुडिंग म्हातारीनं खाल्लं?"

"शेवटच्या मनुकेपर्यंत."

"आणि ताटली?"

"ताटलीचं काय?"

"ताटली त्याच दुपारी माझ्या माहेरच्या फाटकाच्या खांबावर होती," डॉर्कस म्हणाली. "लख्ख घासलेली, वाळूनं. फडक्याची घडी, घडीवर दगड. सबंध खाडीत वाळूनं भांडी घासणारा तू एकटा, सायलस. हातपाय लाकडाचे झालेला माणूस आमची चढण चढून आला, ताटली ठेवून गेला, आणि दार तेवढं वाजवलं नाही. नाचासाठी नवे मोजे घालून पाच वाजेपर्यंत मी त्या दाराच्या आत बसले होते, खोटारड्या!"