शिवलेली हिरडी

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. भिवंडीच्या शेवंताबाईंच्या खालच्या ओळीतला, अगदी समोरचा. त्यांचा दुधाचा दात पडला आणि त्या जागी मी उगवलो. तेव्हा माझ्याभोवती घट्ट, गुलाबी हिरडी होती.

शेवंताबाई घरी बसून लूमच्या कापडाचे लोंबते धागे काढायच्या. कात्री शोधायला वेळ कुठला? धागा माझ्यावर धरला की कट्! शेजारची गोदू म्हणायची, "शेवंते, तुज्या तोंडात कैचीच हाय गं!" ते ऐकून मला धन्य वाटे.

पण रोज सकाळी त्या मशेरी लावत. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने आमच्यावर घासत. लग्नाआधीपासूनची सवय ती. हिरडीतून रक्त आलं तर थुंकून मोकळ्या होत. वर्षामागून वर्षं हिरडी खाली सरकली आणि माझं मूळ उघडं पडलं. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जाई. पुढे पुढे मी हलू लागलो.

त्यांची मुलगी धम्मदिना शाळेत शिकवते. तिने आईला जवळजवळ ओढतच दाताच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मृणालींनी मला हलकेच हलवून पाहिलं.

"टाळूची पातळ साल काढून इथे शिवते. ती धरली तर दात अजून काही वर्षं राहील. पण आतलं हाडही झिजलंय, मावशी. खात्री देत नाही. आणि मशेरी आजपासून बंद."

"बंद," शेवंताबाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

शस्त्रक्रिया झाली. कित्येक वर्षांनी माझ्या उघड्या मुळावर पांघरूण आलं. टाळूची आग होत होती, तरी शेवंताबाई मुकाट्याने गार पेज पीत राहिल्या. धम्मदिना रोज बॅटरी धरून टाके बघायची. "छान आहे गं आई," म्हणायची.

सहाव्या दिवशी मशेरीवाचून शेवंताबाईंचं डोकं ठणकू लागलं. धम्मदिना शाळेत गेली होती. "दुसऱ्या बाजूला जरासं लावते, तिकडं न्हाय," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी डबी उघडली. मित्रांनो, तोंडात कुठली आली दुसरी बाजू! तो कडू रस सगळीकडे पसरला. मग तो रोजच येऊ लागला.

शिवलेली साल आधी पांढरी, मग राखाडी पडली. टाके काढायच्या दिवशी ती सुटूनच आली.

"मशेरी लावलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय."

धम्मदिनाने आईकडे पाहिलं. वास तिलाही येत होता.

"पुन्हा शिवून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दात काढावा लागेल. शेजारचे दोघेही त्याच वाटेवर आहेत."

आज सकाळी धम्मदिनाने हार मानून मशेरीची डबी स्वतःच आईच्या हाती दिली आणि शाळेला निघून गेली. शेवंताबाई डबी हातात धरून रडल्या. मग त्यांनी बोट बुडवलं.

मित्रांनो, दुखत नाही म्हणून हिरडी बरी आहे असं समजू नका. ती गुपचूप जाते आणि एकदा गेली की आपल्या पायांनी परत येत नाही. रक्ताचा पहिला थेंब दिसेल त्याच दिवशी दवाखाना गाठा. मला हे सांगायला फार उशीर झाला. सोमवारी मला काढणार आहेत.