हात लावणारी

भरलेलं टोपलं बाई डोक्यावरून चार कोस नेऊ शकते, पण जमिनीवरून ते एकटीनं डोक्यावर घेऊ शकत नाही. समोरून कोणीतरी हात लावावा लागतो. आज गाडीतून फिरणाऱ्यांना हे सांगितलं तर हसतात. हसू द्या.

चौऱ्याहत्तरची गोष्ट. मी नऊ वर्षांची होते. आम्ही माळी, गावाला लागून वांग्या-मेथीचा मळा. माझी आई, गिरजाबाई, शेलूबाजारच्या बाजाराला टोपलं घेऊन निघायची आणि मी तिच्या मागे. आमच्यातल्या बाकीच्या बाया पहाटेच जात. आईला मात्र दूध काढून, सगळ्यांच्या भाकरी थापून निघावं लागे, म्हणून ती कायम मागे राहायची. अर्ध्या वाटेत पुलाजवळ तिची मान भरून यायची. टोपलं उतरवलं तर परत डोक्यावर कोण देणार? वाटेनं बैलबंडीवाले जात, पण परक्या माणसाला हात लावायला सांगितलं, तर ती गोष्ट आमच्याआधी गावात पोचली असती.

हात लावायची ती आवडाबाई. बौद्धवाड्यातली, आईच्याच वयाची, सरपणाची मोळी घेऊन त्याच बाजाराला जाणारी. पुलाजवळ दोघी ओझी उतरवत, पाय पसरून बसत आणि आपापल्या नवऱ्यांच्या अशा नकला करत की माझं पोट दुखायचं. मग आई आवडाबाईची मोळी उचलून द्यायची आणि आवडाबाई आईचं टोपलं. आईला मी घरात कधी तसं हसताना पाहिलं नाही. त्या पुलावरचा तेवढा अर्धा तास तिचा स्वतःचा होता. तो आठवला की अजूनही जीव हळहळतो.

आमच्या मळ्यातली वांगी बौद्धवाड्यातल्याच बाया तोडायच्या, ते आजीला चालायचं. पण भाकरीचं फडकं ठेवलेलं टोपलं, तेही सुनेच्या अंगाला खेटून उचलायचं, ते चालणार नव्हतं. आजीचं सोवळं असं सोयीचं होतं.

कोणीतरी चुगली केली की गिरजा पुलाजवळ बसते. आजीनं मला अंगणात उभं केलं. बाबा, म्हणजे पुंजाजी, तिथंच दोर वळत होते.

"पोरी, खरं सांग. तुह्या मायले टोपलं उचलून कोन देते?"

दोनच उत्तरं होती. परका माणूस म्हटलं तर आईची अब्रू गेली. आवडाबाई म्हटलं तर बाजार गेला. मी म्हणाले, "मी देते."

"दे बरं उचलून."

भरलेलं टोपलं समोर आलं. मी दोन्ही हातांनी ओढलं, ते वीतभरही हललं नाही. चुलीपाशी आईची भाकरी करपत होती. तेवढ्यात बाबा दोर बाजूला ठेवून म्हणाले, "मीच जातो पुलापरेंत. मी देतो उचलून."

बाबा पुलापर्यंत एकदाही आले नव्हते. पण मुलाच्या शब्दापुढं आजी गप्प झाली. बाबांचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

पुढच्या बाजारी मी ती फजिती आवडाबाईला रंगवून सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं.

"गिरजे, मंग माह्यं नाव काहून नाई सांगतलं?"

"अवो, माहा बाजार बंद झाला असता!"

"तुहा बाजार राह्यला, बरं झालं. पन माह्ये हात चोरीचे झाले ना. माह्या बापानं छप्पन साली देव नदीत सोडले, थे काय मी असं लपून राहाले?"

तिनं आईचं टोपलं उचलून दिलं. आई मोळीकडे वळली तर म्हणाली, "राहू दे." मोळी ओढत पुलाच्या कठड्याला उभी टेकवली, टोपलं तसं टेकवता येत नाही, आणि वाकून कशीबशी डोक्यावर घेऊन निघून गेली. त्यानंतर आवडाबाई पहाटेच जाऊ लागली. आई न थांबता बाजार गाठायची, आणि वाटेत माझ्याशीही बोलायची नाही.

महिन्याभरानं, बाजाराच्याच दिवशी, आई भाकरी थापत होती. दारासमोर धप्पकन आवाज झाला. आवडाबाईनं आमच्या फाटकापुढं मोळी टाकली होती. हाक नाही, काही नाही. पदरानं घाम पुसत उभी. गल्लीत दोन-चार बाया थबकल्या. आजी ओट्यावरून ओरडली, "गिरजे, बाहीर पाय टाकशीन त बाजार बंद तुहा!"

आई उठली. पिठाच्या हातांनीच बाहेर गेली, चुंबळ आवडाबाईच्या डोक्यावर नीट बसवली आणि साऱ्या गल्लीदेखत मोळी उचलून दिली.

"आवडे, पुलापाशी तूच उचलून देत होती मले," ती आजीला ऐकू जाईल असं बोलली. मग आत आली, पिठाचे हात आजीपुढं धरले. "आत्याबाई, हे हात असे हायत. आता सांगा, भाकर थापू का नको?"

आजीनं दुपारपर्यंत तोंड फिरवलं, मग मुकाट्यानं जेवली. बाबा दोर वळत राहिले. आईचा बाजार बंद झाला तो होळीपर्यंत. पण तोवर दर आठवड्याला आवडाबाई मोळी आमच्याच दारात उतरवायची, आणि आई हात लावायला बाहेर जायची.