बोलणारा थांबला की

रूथला भिंतीकडची जागा दिली, तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला आई ताराबाई, आईच्या पलीकडे शिमोनकाका. उठायचं म्हटलं तर दोघांच्या गुडघ्यांची परवानगी काढावी लागली असती. नेकनूरजवळच्या त्या लहानशा चर्चमध्ये तिच्या वडलांच्या, हवालदार याकोब ससाण्यांच्या स्मरणार्थ उपासना चालली होती. नाकाबंदीत त्यांनी हात दाखवला, तर गाडीवाल्यानं गाडी त्यांच्या अंगावरच घातली. त्याला वर्ष झालं.

त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर पोलिसातली नोकरी मिळणार होती ती त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, आणि लेकीला ती नको होती. जनावरांच्या डॉक्टरकीचा तिचा डिप्लोमा निम्मा झाला होता, अडलेली शेळी ती सोडवायची. पण खरं कारण दुसरंच होतं. बापाला यायला उशीर झाला की आई उंबऱ्यात बसून राहायची. तशी ती आपल्यासाठी बसलेली रूथला बघवणार नव्हती. कालच तिनं हे बोलून दाखवलं, तर ताराबाई म्हणाली, "मंग पप्पाची वर्दी पेटीत कुजू द्यायची व्हय?"

तरीही उपासना संपली की बीडहून आलेल्या पोलीस साहेबांना आपणच गाठायचं आणि नाही म्हणून मोकळं व्हायचं, असं रूथनं ठरवलं होतं.

साहेब पुढं खुर्चीवर होते. शेजारी बंकट हवालदार, याकोबचा ड्युटीवरचा जोडीदार. लिंबागणेशचा हा माणूस, चतुर्थी कधी चुकवायचा नाही. देवाच्या घरी यायचं म्हणून तो एकटाच बूट बाहेर काढून आला होता. बिचाऱ्यानं शास्त्रवाचनाच्या ऐन मध्यावर 'आमेन' ठोकलं आणि बाया पदराआड हसल्या. पाळकांनी त्याला हळूच समजावलं, बोलणारा थांबला की म्हणायचं. तेव्हापासून तो कान टवकारून बसला होता.

मग शिमोनकाका प्रार्थनेला उभे राहिले. काकांची प्रार्थना म्हणजे देवाला गावाची सगळी खबर द्यायची. खबर देता देता ते म्हणाले, "प्रभू, आमच्या लेकीनं बापाची वर्दी अंगावर घ्यायचं ठरवलंय. साहेबबी हो म्हणालेत. तिला बळ दे."

रूथचे डोळे खाडकन उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले. चालत्या प्रार्थनेत मध्ये बोलायची रीत नाही, आणि काका ती रीत पुरती ओळखून होते. ते थांबले. बंकटनं 'आमेन' म्हटलं, या खेपेला अगदी बिनचूक, आणि त्याच्यामागून साऱ्या चर्चनं. देवाला मध्ये घालून माणसं आपलं काम उरकून घेतात याची तिला चीड आली.

मग तिच्या ध्यानात आलं, की आपण प्रार्थनेला उभं राहिलो तर आपल्यालाही कुणी अडवणार नाही. आणखी कुणाला प्रार्थना करायची आहे का, असं पाळकांनी विचारताच ती उठली. आईनं तिची ओढणी धरली, तरी ती खाली बसली नाही.

"हे आमच्या स्वर्गीय बापा," ती म्हणाली, "माझ्या पप्पांनी लई इमानदारीनं वर्दी घातली. त्यांच्या माघारी ती आता माझ्यापाशी आलीय."

पुढचा शब्द 'पण' होता. तो ओठांवर आला आणि तिची नजर टेबलावर फोटोशेजारी ठेवलेल्या टोपीवर गेली. तिनं एक आवंढा गिळला, तेवढाच काय तो उशीर.

बंकट डोळे गच्च मिटून रडत होता. आवाज थांबलेला त्यानं ऐकला.

"आमेन," तो भरल्या गळ्यानं म्हणाला.

चर्चनं ते उचललं. लहानपणापासूनची सवय, रूथच्याही तोंडून निघून गेलं.

साऱ्यांनी डोळे उघडले. ताराबाईनं लेकीचा हात घट्ट धरला. शिमोनकाकांनी गुडघे बाजूला घेतले, साहेबांकडं जायची वाट आता मोकळी होती. साहेब उभे राहून तिची वाट बघत होते. बंकट अनवाणीच बाकापाशी आला आणि डोळे पुसत त्यानं हळूच विचारलं, "या बारीला चुकलो न्हाई ना, पोरी?"

"न्हाई, काका," रूथ म्हणाली.